पाहुण्याच्या दोन पंगती

बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठाला, सांता क्रूझ चर्चच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांत कुडी चीन नावाची जुनी वस्ती आहे. तिथली मोजकी घरे आजही वाटीएवढा एक केक भाजतात. त्याचे जिन्नस तीनच : बदकाची अंडी, साखर आणि मैदा. लोणी पडत नाही, सोडाही पडत नाही. जो हलकेपणा येतो तो अंडी फेसण्याच्या मेहनतीचा. साच्यांच्या खाली निखारे आणि झाकणाच्या पत्र्यावरही निखारे, म्हणजे आपल्याकडे पूर्वी नानकटाई जशी भाजत तीच तऱ्हा. भाजण्याआधी वरून बेदाणे, कोहळ्याचा पेठा आणि वाळवलेल्या पर्सिमनचे तुकडे लावतात. या केकचे नाव ‘खनोम फरांग’. खनोम म्हणजे खाऊ आणि फरांग म्हणजे गोरा पाश्चात्त्य माणूस. आपला ‘फिरंगी’ आणि हा ‘फरांग’ एकाच घरातले. दोघेही फारसीच्या वाटेने पूर्वेकडे आले. केक पोर्तुगीजांचा, वरची सजावट चिनी, भाजणारी कुटुंबे थाई. नाव अजूनही फिरंग्याचे, पण बँकॉकमधला माणूस त्याला परदेशी खाऊ मानत नाही. बँकॉकचा जुना वारसा म्हणून तो पर्यटकांना दाखवला जातो.

थाई भाषेत परक्यासाठी आणखी एक शब्द आहे : ‘खेक’. भारतीय, मलय, अरब, इराणी अशा सगळ्यांना मिळून हा शब्द वापरतात आणि त्याचा मूळ अर्थ ‘पाहुणा’. तो दर वेळी आदरानेच उच्चारला जातो असे नाही, पण अर्थ तोच आहे. या लेखाचा विषय आहे बँकॉकमधली लोकांच्या आवडीची परदेशी उपाहारगृहे, आणि त्यांचे कोडे या दोन शब्दांत दडलेले आहे. या शहरात जपानी, चिनी, अरबी, पंजाबी, फ्रेंच, जर्मन, कोरियन, इटालियन असे काय हवे ते मिळते. त्यातली काही ठिकाणे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात आणि काही दोन वर्षांत पाटी उतरवतात, असे का? याची दोन तयार उत्तरे असतात. एक म्हणजे ‘अस्सल चव असेल तर टिकते’, आणि दुसरे त्याच्या उलट, ‘स्थानिक जिभेला जुळवून घेतले तर टिकते’. माझ्या मते दोन्ही उत्तरे अर्धी आहेत. परदेशी खाणावळ टिकते ती दोन पंगतींच्या बळावर. पहिली पंगत पाहुण्याच्या स्वतःच्या माणसांची; ती चवीची राखण करते. दुसरी पंगत शहराची. ती गल्ला भरते आणि हळूहळू पदार्थाला आपलासा करते. एकच पंगत असली की खाणावळ लंगडी पडते. आणि दुसरी पंगत कोणाच्या दारात बसेल, हे नुसत्या चवीवर ठरत नाही.

सुरुवात जुन्या पाहुण्यांपासून करू. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५११ मध्ये मलाक्का. त्याच वर्षी त्यांचा दूत सयामची तेव्हाची राजधानी अयुथ्या येथे पोहोचला. गोव्याच्या आणि सयामच्या स्वयंपाकघरात एकच फिरंगी दोन दारांतून शिरला. ज्या मिरचीवाचून आज थाई जेवणाची कल्पनाही करवत नाही ती अमेरिका खंडातली, आणि सोळाव्या शतकातल्या याच सागरी व्यापारातून ती तिकडे गेली. पावाला थाई भाषेत ‘खनोम पांग’ म्हणतात. त्यातला ‘पांग’ पोर्तुगीज शब्दावरून आला असे मानतात, म्हणजे आपल्या ‘पावा’चाच तो भाऊ. अंड्यातल्या पिवळ्या बलकाच्या धारा उकळत्या पाकात सोडून केलेली ‘फोई थोंग’ ही सोनेरी शेवयांची मिठाई थायलंडमध्ये लग्नकार्यात शुभ मानली जाते, आणि तिचे मूळ पोर्तुगालमध्ये आहे. परंपरेने तिचे श्रेय मारिया गुयोमार या बाईला दिले जाते. तिच्या अंगात जपानी, पोर्तुगीज आणि बंगाली रक्त होते, वडील गोव्याहून आलेले, नवरा कॉन्स्टंटाइन फॉल्कन हा ग्रीक साहसवीर. १६८८ च्या उलथापालथीत नवरा मारला गेला आणि पुढे ती राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला लागली. या मिठाया तिने एकटीने आणल्या की वस्तीतल्या अनेक बायकांनी, यावर वाद घालता येईल. पण बलक आणि साखर यांचा हा संसार गोव्याच्या बेबिंकेत आणि थायलंडच्या फोई थोंगमध्ये दोन्हीकडे दिसतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘मस्सामान’ रश्शाचे नावही नीट ऐकले तर त्यात ‘मुसलमान’ ऐकू येतो. दालचिनी, वेलची, जायफळ घातलेला हा रस्सा एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इतका घरचा झाला होता, की पुढे दुसरा राम म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राने आपल्या काव्यात त्याची वाखाणणी केली.

पण या गोष्टी शतकांच्या आहेत. खाणावळ, म्हणजे पैसे मोजून परक्याच्या हातचे खाण्याची जागा, हा प्रकार बँकॉकमध्ये प्रथम उभा केला तो चिनी लोकांनी. १७८२ मध्ये पहिल्या रामाने नदीच्या पूर्व काठावर नवी राजधानी वसवली, तेव्हा राजवाड्यासाठी निवडलेल्या जागेवर चिनी व्यापारी राहत होते. त्यांना थोडे दक्षिणेला सांपेंगमध्ये हलवले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथूनच यावरात रस्ता निघाला आणि तोच आजचा चायनाटाउन. इथले बहुतेक लोक दक्षिण चीनमधल्या तेओचिऊ भागातले. त्यांचे ‘क्वै तियाव’, म्हणजे तांदळाच्या नूडल, आधी गोदीतल्या आणि गिरणीतल्या चिनी मजुराचे पोट भरत. दुसरी पंगत कशी बसली ते पाहायचे असेल तर नूडलच्या कुठल्याही साध्या दुकानातले टेबल पाहावे. टेबलावर चार वाट्यांचे एक कडे असते. एका वाटीत साखर, दुसरीत माशाचे पाणी म्हणजे ‘नाम प्ला’, तिसरीत सुक्या मिरचीची भरड आणि चौथीत शिरक्यात घातलेल्या मिरच्या. आचारी जो वाडगा पुढे आणून ठेवतो तो जवळजवळ चिनीच असतो, मवाळ आणि कमी मिठाचा. गिऱ्हाईक एका हातात चिनी काड्या, दुसऱ्या हातात चमचा घेते आणि पहिला घास घेण्याआधी चारही वाट्यांमधून आपल्या मनासारखे घालून घेते. काड्या फक्त या एका पदार्थापुरत्या. भात आला की चमचा आणि काटा. एकाच टेबलावर चिनी म्हातारा साधा वाडगा खातो आणि थाई कारकून त्याच वाडग्याचे आंबट-गोड-तिखट काहीतरी करून खातो. आचाऱ्याला चव बदलावी लागली नाही आणि गिऱ्हाइकाला जीभ बदलावी लागली नाही. दोन पंगती एका चुलीवर जेवल्या.

इथे एक आक्षेप येतो. हे सगळे इतके गोडीगुलाबीने झाले का? नाही झाले. १९३८ मध्ये पंतप्रधान झालेल्या फिबून सोंगख्रामच्या राजवटीने चिनी शाळा बंद पाडल्या, कित्येक धंदे थाई लोकांसाठी राखून ठेवले आणि १९३९ मध्ये देशाचे नावच सयामऐवजी थायलंड केले. त्याच काळात सरकारने लोकांना नूडल खायला आणि विकायला उत्तेजन दिले आणि ‘फाट थाई’ हा पदार्थ राष्ट्रीय म्हणून पुढे आला. त्याचे पूर्ण नाव ‘क्वै तियाव फाट थाई’, म्हणजे थाई तऱ्हेने परतलेल्या चिनी नूडल. पदार्थ चिनी तंत्राचा, शिक्का थाई राष्ट्रवादाचा. तेव्हा दुसरी पंगत कधीकधी सरकारी दंडुक्याने बसवली जाते, हे मान्य केले पाहिजे. पण दंडुक्याने बसवलेली पंगत दंडुका गेल्यावर उठते. फिबूनने लोकांना टोप्या घालायची सक्ती केली होती. त्या टोप्या गेल्या, फाट थाई राहिला. कारण चार वाट्यांचे ते कडे आधीपासून टेबलावर होते. राजकारणाने नाव दिले. सवय लोकांनी अगोदरच लावून घेतली होती.

भारतीयांची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे आणि म्हणून बोलकी आहे. यावरातला लागून असलेला फाहुरात रस्ता १८९८ मध्ये पाचव्या रामाने बांधून घेतला आणि लहानपणीच वारलेल्या आपल्या मुलीचे नाव त्याला दिले. इथे पंजाबी शीख आणि त्यांच्यामागून सिंधी कापडव्यापारी आले. १९३० च्या दशकात गुरुद्वारा उभा राहिला. आज त्याचा सोनेरी घुमट कापडबाजाराच्या वर दिसतो आणि आत लंगर चालतो. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतली ‘रॉयल इंडिया’सारखी छोटी उपाहारगृहे कित्येक दशके व्यापाऱ्यांना डाळ, नान आणि मिठाई पुरवत आली आहेत. पहिली पंगत भक्कम होती, दुसरी मात्र फार काळ बसलीच नाही. याचे कारण मजेशीर आहे. थाई माणसाच्या ताटात भारत आधीच येऊन बसला होता : ‘केंग कारी’ हा पिवळा रस्सा, बिर्याणीचा भाऊ ‘खाव मोक’, आणि हातगाडीवरची ‘रोती’. रोतीवाला तेलकट गोळा हातावर झुलवून कागदाइतका पातळ करतो, त्यात केळे आणि अंडे घालतो, वरून आटवलेले गोड दूध ओततो. दिवसाकाठी अशा कितीतरी रोत्या खाणाऱ्या शहराला भारतीय उपाहारगृहात जायची गरज वाटेना. जुना पाहुणा घरचा झाला की नव्या पाहुण्याची पंचाईत होते, ती अशी. म्हणून फाहुरातमधल्या खाणावळी चवीला अस्सल राहिल्या, पण बराच काळ वस्तीपुरत्याच राहिल्या.

सुखुमवित रस्त्यावरच्या नाना भागात याच्या उलट चित्र दिसते. तीन नंबरच्या सोईला, म्हणजे गल्लीला, लागून ‘सोई अरब’ म्हणून ओळखला जाणारा पट्टा आहे. पाट्या अरबीत, दारात काचेमागे फिरणारे मांस, आत भाताच्या परातीवर आख्खी कोंबडी किंवा मटण. ‘नासिर अल-मसरी’ हे इजिप्शियन उपाहारगृह इथले नावाजलेले. हा पट्टा वाढण्यामागचे एक मोठे कारण म्हणजे जवळचे बुमरुंगराद रुग्णालय. १९८० मध्ये सुरू झालेल्या या खासगी रुग्णालयात आखाती देशांतले रुग्ण येऊ लागले, आणि २००१ नंतर अमेरिकेचा व्हिसा मिळणे अवघड झाल्यावर त्यांचा ओघ वाढला. रुग्णाबरोबर अख्खे कुटुंब येते, आठवडे-महिने राहते आणि रोज घरच्यासारखे जेवण शोधते. पहिल्या पंगतीसाठी इतकी पक्की सोय दुसऱ्या कुठल्या समाजाला क्वचितच मिळाली असेल. त्यामुळे चव बदलण्याचा दबाव नव्हता आणि नाही. पण त्याचा तोटाही असा की पंगत विमानाने येते आणि विमानाने जाते.

हा तोटा केवढा असू शकतो ते २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत दिसले. २०१९ मध्ये थायलंडला जवळपास ४ कोटी परदेशी पाहुणे आले होते. २०२१ मध्ये ते सुमारे ४ लाख २८ हजारांवर उतरले. शंभरातला एक उरला. उपाहारगृह कुठल्या देशाचे, आचारी किती निष्णात, यातले काहीच तेव्हा उपयोगाचे नव्हते. प्रश्न एकच होता : घरून जेवण मागवणारे शेजारीपाजारी तुमच्याकडे आहेत की नाहीत? ज्यांच्याकडे दुसरी पंगत होती त्यांना डबे भरून का होईना दिवस काढण्याची वाट होती. ज्यांच्याकडे फक्त विमानाची पंगत होती त्यांना ती वाटही नव्हती.

दोन्ही पंगती एकत्र कशा बसतात हे पाहायचे तर जपानी उपाहारगृहांकडे वळावे लागते. आणि ही गोष्ट प्रेमाने सुरू झालेली नाही. १९७२ मध्ये थाई विद्यार्थ्यांनी जपानी मालावर बहिष्काराची मोहीम काढली होती. जानेवारी १९७४ मध्ये जपानचे पंतप्रधान तानाका बँकॉकला आले तेव्हा हजारो विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. त्या काळी सिलोमजवळच्या थनिया रस्त्यावर जपानी कंपन्यांच्या साहेबांसाठी खानपानगृहे उघडली होती. गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावलेली व्हिस्कीची बाटली फळीवर ठेवायची, पुढच्या खेपेला तीच काढायची, असा तिथला रिवाज. ही निव्वळ पहिली पंगत होती आणि थाई माणसाला तिथे मज्जाव नसला तरी जागाही नव्हती. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महागला, जपानी कारखाने थायलंडकडे सरकले आणि साहेबांबरोबर त्यांची कुटुंबे आली. फ्रोम फोंग आणि थोंगलो भागात जपानी किराणा, जपानी दवाखाने, जपानी पाळणाघरे उभी राहिली. २०२० च्या सुमारास थायलंडमधल्या जपानी रहिवाशांची नोंदलेली संख्या ऐंशी हजारांच्या घरात होती. या बायकामुलांच्या पंगतीने चव सांभाळली. मासळी शिळी असेल, भात नीट शिजला नसेल तर बोलून दाखवणारी गिऱ्हाइके रोज समोर असली की आचाऱ्याला ढिलाई परवडत नाही.

दुसरी पंगत बसवली ती बँकॉकच्या वाढत्या मध्यमवर्गाने. १९९९ मध्ये ‘ओइशी’ने ठरावीक पैशांत पोटभर जपानी जेवणाची टूम काढली, मॉलमध्ये जपानी साखळ्या आल्या आणि जुलै २०१३ मध्ये जपानने थाई नागरिकांना छोट्या सहलींसाठी व्हिसा माफ केला. मग तोक्यो-ओसाकाला जाऊन आलेला थाई माणूस स्वतःच चवीचा पारखी झाला. जपानी व्यापार संघटना ‘जेट्रो’ने २०२३ मध्ये केलेल्या गणतीत थायलंडमध्ये ५,७५१ जपानी उपाहारगृहे निघाली, आणि त्यातला मोठा वाटा बँकॉकचा होता. केवळ जपानी रहिवाशांच्या पोटावर इतकी दुकाने चालणार नाहीत, हे उघड आहे. आज एकाच गल्लीत दोन टोके दिसतात. एका दुकानात आठ खुर्च्या, मासळी विमानाने आलेली, आचारी मोजकेच बोलणारा. शेजारच्या दुकानात कच्चा सामन मासा हिरवी मिरची, लसूण, लिंबू आणि नाम प्लाच्या झणझणीत चटणीत बुडवलेला. जपानी जाणकार दुसऱ्या ताटाला नाक मुरडतील. पण पहिल्या दुकानाला परवडणारे पुरवठादार, प्रशिक्षित हात आणि चोखंदळ गिऱ्हाईक हे सगळे त्या झणझणीत सामनच्या गर्दीतूनच तयार झाले आहे. अस्सल आणि बदललेले यांना आपण एकमेकांचे वैरी समजतो. बँकॉकच्या जपानी बाजारात ते एकमेकांच्या आधाराने उभे आहेत.

कायदाही नकळत याच दिशेला ढकलतो. थायलंडच्या १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यात खाद्यपेये विकण्याचा धंदा परकीयांसाठी निर्बंधित यादीत आहे. निम्मे किंवा अधिक भांडवल परकीयांचे असेल तर खास परवाना लागतो. म्हणून परदेशी खाणावळीत बहुधा एक थाई भागीदार असतो, कधी व्यापारी, कधी बायको किंवा नवरा. या तरतुदीमागचा हेतू संरक्षणाचा आहे आणि तिचा गैरवापर, म्हणजे नावापुरता भागीदार उभा करणे, हाही सर्वज्ञात आहे. तरी एक परिणाम चांगला होतो : दुसऱ्या पंगतीचा माणूस पहिल्या दिवसापासून गल्ल्याजवळ बसलेला असतो.

आता या मांडणीवरचे दोन भक्कम आक्षेप. पहिला असा, की पिझ्झाचे काय? थायलंडमध्ये इटालियनांची मोठी वस्ती कधीच नव्हती. विल्यम हाइनेकी या अमेरिकन उद्योजकाने १९८० मध्ये पट्टायात ‘पिझ्झा हट’ आणले, तेव्हा चीज न खाणाऱ्या देशात हे चालणार नाही असेच जाणकारांचे मत होते. ते चालले. पुढे मूळ कंपनीशी फाटल्यावर २००१ मध्ये हाइनेकीच्या गटाने ‘द पिझ्झा कंपनी’ काढली, तॉम याम कुंग या थाई सुपाच्या चवीचा पिझ्झा विकला आणि बाजार जिंकला. पिझ्झाबरोबर टोमॅटो सॉस आणि तिखट सॉसच्या पुड्या येतात. थाई गिऱ्हाईक त्या पिझ्झ्यावर पिळून घेते. नूडलच्या टेबलावरच्या चार वाट्या इथे पुड्यांच्या रूपाने आल्या आहेत. पहिल्या पंगतीशिवाय धंदा चालतो, हे यावरून सिद्ध होते. मी ते नाकारत नाही. पण पहिली पंगत नसली की पदार्थ परदेशी राहत नाही, तो फार वेगाने थाई होतो. ‘सुकी’चेही तेच झाले. नाव जपानी सुकियाकीचे, भांडे चिनी, चटणी लाल आंबवलेल्या टोफूची आणि मिरचीची. १९५७ मध्ये सुरू झालेल्या ‘कोका’ने आणि नंतर ‘एमके’ने हा प्रकार घराघरांत नेला. रविवारी आजी-आजोबांसह एमकेमध्ये बसलेल्या कुटुंबाला आपण परदेशी जेवतो आहोत असे वाटत नाही. ‘एमके’ने पुढे जपानमध्येही शाखा काढल्या, म्हणजे नाव माहेरी परतले आणि पदार्थ मात्र सासरचा. हाइनेकीही १९९१ मध्ये थाई नागरिक झाले, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

दुसरा आक्षेप मानांकित उपाहारगृहांचा. मँडरिन ओरिएंटल हॉटेलमधले ‘ल नॉर्मंडी’ हे फ्रेंच उपाहारगृह १९५८ पासून आहे. कोलकात्याचे गगन आनंद यांनी २०१० मध्ये काढलेले ‘गगन’ २०१५ ते २०१८ अशी चार वर्षे आशियातल्या सर्वोत्तम पन्नासांच्या यादीत पहिले होते. मुंबईत वाढलेल्या, पत्रकारिता सोडून स्वयंपाकाकडे वळलेल्या गरिमा अरोरा यांनी २०१७ मध्ये ‘गा’ उघडले आणि पुढच्याच वर्षी मिशेलिनचा तारा मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा मान मिळवला. जुळ्या जर्मन भावांचे ‘ज्यूरिंग’ही याच रांगेत बसते. यांच्यामागे कुठली वस्ती आहे? एकही नाही. यांची पंगत तिसरीच आहे, जगाच्या यादीवाल्यांची. ती आपोआप बसलेली नाही. मिशेलिनची मार्गदर्शिका बँकॉकला यावी म्हणून थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणाने २०१७ मध्ये पाच वर्षांसाठी १४ कोटी ४० लाख बाथ देऊ केले होते. यात गैर काही नाही, पण ही पंगत सरकारी खर्चाने वाढलेली आहे, हे विसरू नये. तरीही या उपाहारगृहांतली जी खरोखर लक्षात राहतात ती आपल्या पाहुणेपणाचा विचार करणारी आहेत. ‘गा’मध्ये कच्चा फणस निखाऱ्यावर भाजून रोटी आणि लोणच्यांसोबत येतो. फणसाची भाजी आपल्याला नवी नाही आणि थाई माणसाला फणस नवा नाही. भारत आणि थायलंड दोघांच्या परसात असलेले झाड शोधून त्यावर ताट मांडणे, ही दुसऱ्या पंगतीला दिलेली हाकच आहे.

माझ्या मांडणीची खरी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि ती या श्रीमंत उपाहारगृहांच्या मागच्या दाराशी उभी आहे. थायलंडमधल्या परदेशी कामगारांत सर्वात मोठा वाटा म्यानमारच्या लोकांचा. नुसते नोंदणी झालेलेच वीस लाखांच्या वर आहेत. बँकॉकमधल्या जपानी, इटालियन, भारतीय मुदपाकखान्यांत भांडी घासणारे, भाज्या चिरणारे आणि कित्येकदा प्रत्यक्ष स्वयंपाक करणारे हात त्यांचे असतात. पहिल्या पंगतीचा हिशेब केला तर बँकॉकमध्ये सर्वांत लोकप्रिय परदेशी जेवण बर्मी असायला हवे होते. तसे ते नाही. फ्रा खनोंगच्या बाजाराजवळ बर्मी दुकाने आहेत. आंबवलेल्या चहाच्या पानांची, वर तळलेल्या डाळी आणि शेंगदाणे घातलेली कोशिंबीर तिथे मिळते. माशाच्या दाट रश्शातली ‘मोहिंगा’ मिळते. पण थाई मध्यमवर्ग तिथे रांग लावत नाही आणि आवडत्या परदेशी उपाहारगृहांच्या याद्यांत ही दुकाने सहसा येत नाहीत. चव कमी आहे म्हणून नव्हे. जपानी माणूस साहेब म्हणून आला, अरब रुग्ण म्हणून आला, फिरंगी गुंतवणूकदार म्हणून आला. बर्मी माणूस मजूर म्हणून आला. शहर पाहुण्याचा हुद्दा पाहून त्याच्या पंगतीला बसते.

हा निष्कर्ष कडू आहे, पण तो शेवटचा नाही. ‘सोम तम’ हे त्याचे उदाहरण. कच्च्या पपईची ही कोशिंबीर ईशान्येकडच्या लाओभाषक इसान प्रांतातली. इसानचे लोक बँकॉकला रिक्षा चालवायला, इमारती बांधायला, घरकामाला आले. खलबत्त्यात मिरची, लसूण, पपई कुटणारी हातगाडी ही त्यांच्या बांधकामाच्या कडेची पंगत होती आणि आंबवलेल्या माशाचा तिचा वास शहरी माणसाला गावंढळ वाटे. आज तीच सोम तम वातानुकूलित मॉलमध्ये कोरीव ताटलीत येते आणि परदेशात थाई जेवणाची ओळख म्हणून मिरवते. इसानी माणूस देशाचाच नागरिक होता, म्हणून ही तुलना पुरती जुळत नाही, हे खरे. त्याला मत होते, त्याची मुले शहरात शिकली. पण वाट तीच आहे : मजुराच्या मुलांकडे दुकान थाटण्याइतका पैसा आणि हक्क आला की त्यांची पंगतही वर सरकते. बर्मी मोहिंगेला अडवते आहे ती चव नसून कामाचा परवाना आहे.

अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्या मराठी वाचकाने हे सगळे वडापावाशी ताडून पाहावे. बटाटा, मिरची आणि पाव या तिन्ही गोष्टी फिरंग्याच्या वाटेने आपल्याकडे आल्या, आणि वडापाव परदेशी आहे असे म्हणणाऱ्याला आपण वेड्यात काढू. थाई माणसाचे खनोम फरांगबद्दल, क्वै तियावबद्दल हेच म्हणणे आहे. बदललेला पदार्थ म्हणजे बिघडलेला पदार्थ, हे मत म्हणजे आपल्या पंगतीत बसलेल्यांची आठवण फार आखूड असल्याचा पुरावा.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला आणि २०२४ मध्ये २१ लाख भारतीय तिथे गेले. त्यात मराठी माणसे काही कमी नव्हती. सहलीच्या पत्रकावर ‘दोन्ही वेळ भारतीय जेवण’ असे ठळक छापलेले असते, आणि प्रातूनाम भागातली कित्येक भारतीय उपाहारगृहे बसगाड्या भरून येणाऱ्या या पाहुण्यांवरच चालतात. शाकाहारी प्रवाशाची अडचण खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. नाम प्ला कशात नाही हे शोधणे सोपे नसते. पण ज्या उपाहारगृहात सगळी टेबले आपल्याच बसमधल्या माणसांनी भरलेली आहेत ते परदेशी उपाहारगृह नव्हे, ती आपली सहलीची पंगत आहे, आणि सहल थांबली की तीही उठते. बँकॉकमध्ये एखादे जेवण तरी अशा ठिकाणी करावे जिथे एका टेबलावर त्या देशाची माणसे आहेत आणि शेजारच्या टेबलावर थाई कुटुंब. आणि जमल्यास फ्रा खनोंगला उतरून, जिथे दुसरे टेबल अजून रिकामे आहे, तिथे बसावे.